दिशेचा रकाना

१९ फेब्रुवारी

आज आले! सहाची हवामानाची नोंद घेऊन गच्चीचा जिना उतरत होतो. आधी आवाज आला, मग ते दिसले. छत्तीस रानहंस. थव्याची एक बाजू लांब, एक आखूड — पाय वाकलेल्या चिमट्यासारखी. धावपट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले, पाण्याच्या टाकीमागे गेले, संपले. सगळं मिळून दीड मिनिट. पुन्हा वर चढलो आणि वहीत लिहिलं — रानहंस, ३६, दक्षिण.

गेल्या वर्षीपेक्षा चार दिवस लवकर.

रात्री आठला बायकोला फोन केला तेव्हा सांगितलं. "आले का? छान," म्हणाली. मग तिच्या शाळेच्या पाण्याच्या मोटारीबद्दल बोललो. मोटार जळाली आहे. एकूण सात मिनिटं.

२१ फेब्रुवारी

आकाश निरभ्र. हंस नाहीत.

२३ फेब्रुवारी

पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक बाई आलीय. तिशीची असेल. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण, आणि हसते अशी की तावदानं हलावीत. पाच आठवडे राहणार. विश्रामगृहाची मागची खोली तिला दिलीय. बंबवाल्याने पहिल्या दिवशीच तिचं बारसं केलं — पाखरूबाई! बंबवाला म्हणजे आमच्या विमानतळावरच्या अग्निशमन पथकाचा मुख्य. दिवसाला दोन विमानं, वर्षाला शून्य आगी. लोकांना नावं ठेवायला त्याला वेळच वेळ. बाईच्या कानावर गेलंच. म्हणाली, "चालेल की. शाळेत याहून वाईट म्हणायचे."

तिला माझ्या जुन्या वह्या हव्यात. एकोणीस वर्षांपूर्वी एका विमानाच्या इंजिनात घार गेली, तेव्हा वरून एका ओळीचा हुकूम आला होता — हवामानाच्या वहीत पक्ष्यांचीही नोंद ठेवावी. तेव्हापासून तीन रकाने वाढले. पक्षी, संख्या, दिशा. एकोणीस वर्षं मी ते भरतोय आणि आजवर कुत्रंही त्यात डोकावलं नव्हतं. कपाटातून वह्या काढून देताना उगाच छाती फुगली.

२६ फेब्रुवारी

सूचनाफलकावर बदलीचं परिपत्रक लागलंय. अर्ज ३१ मार्चपर्यंत. खाली बारीक अक्षरात — निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांचा विचार होणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षी मी त्यात बसत नाही. हे शेवटचं वर्ष.

बंबवाला शेजारी उभा राहून वाचत होता. वाचत होता म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने न बोलता बघितलं की मला धडकी भरते.

२७ फेब्रुवारी

पाच वर्षं. लिहून तरी ठेवावं म्हणतो.

बायको कर्णबधिर मुलांना शिकवते. इथली शाळा बंद पडली तेव्हा तिला उत्तरेकडच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. अकरा तासांचा प्रवास. तिथेही आमच्या खात्याचं छोटं केंद्र आहे. ठरलं असं होतं — ती पुढे जाईल, मी वर्षभरात बदली मागून मागोमाग जाईन. पहिल्या मार्चला माझ्या जागी माणूस नव्हता. दुसऱ्या मार्चला नवीन यंत्रं आली, ती बसवायची होती. तिसऱ्या वर्षी माझं गुडघ्याचं दुखणं. चौथ्या वर्षी कारण काय होतं ते आज आठवेना. मार्च मात्र आला होता.

ती वर्षातून दोनदा सुट्टीत येते. गेल्या सुट्टीत चारच दिवस राहिली.

१ मार्च

आज गच्चीवर पाखरूबाईही होती. एकोणपन्नास हंस, बरेच खालून गेले. पंखांचा आवाजसुद्धा ऐकू आला, जाड चादर झटकावी तसा. बाई हात हलवून ओरडली, "जपून जा रे!" मग मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता त्यांना?"

मी म्हटलं, मी मोजतो.

"आणि कुठे चाललेत, असं कधी मनात नाही येत?"

मी म्हटलं, आपल्या हद्दीतून गेले की आपला संबंध संपला. ती हसली नाही, याचंच जरा वाईट वाटलं. मग तिने सांगितलं. इथून चार दिवसांवर एक मोठं तळं आहे, तिथे थांबतात, खातात, अंगावर चरबी चढवतात. मग डोंगर. मग आणखी वर — जिथे जमीन आत्ता बर्फाखाली आहे आणि ते पोचेपर्यंत मोकळी होईल. मोकळी झालीच नाही तर? "कधीकधी नाही होत. मग खालीच वाट बघत बसतात. काही परत फिरतात."

दिवसभर ते बर्फ डोक्यातून गेलं नाही.

२ मार्च

पाखरूबाईला काहीतरी मोठं सापडलंय म्हणे. काल गच्चीवरून उतरली ती खोलीतून बाहेरच नाही. बंबवाला दारातून डोकावून आला. "भिंतीभर नकाशा आणि नकाशाभर बाण. बाईचं काही खरं नाही."

५ मार्च

आजचा दिवस नोंदवायलाच हवा.

सकाळी बावीस हंस आले. बाई गच्चीवर माझ्या शेजारी. मी वही उघडली, लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हे काय लिहिलंत?"

"दक्षिण."

"अहो, ते बघा ना! कुठे चाललेत?"

"उत्तरेला."

"मग?"

"मग काय? आले दक्षिणेकडून."

ती खाली बसलीच. कठड्याला पाठ टेकून, फतकल मारून. आधी वाटलं भोवळ आली. मग कळलं, हसतेय. हसता हसता डोळे पुसायला लागली.

झालं असं. हवामानाच्या कामात वाऱ्याला नाव देतात ते येण्याचं. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वातकुक्कुटाचा बाणसुद्धा तोंड करतो ते वारा येतो तिकडेच. तो जातो कुठे, हे आम्ही लिहीत नाही. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं. हुकुमात लिहिलं होतं 'दिशा लिहावी.' मी लिहिली. पक्ष्यांची दिशा जाण्याची लिहितात, हे मला कोण सांगणार होतं?

एकोणीस वर्षं माझे हंस थंडीच्या तोंडावर बर्फाकडे जातायत आणि बर्फ वितळायला लागलं की तिकडून पळून येतायत. बाईला वाटलं, गच्चीवरून बघितलेले नेहमीचे, पण वह्यांत एक जगावेगळा थवा सापडला! तिच्या गुरूंनाही फोन करून सांगून बसली होती. "आता त्यांना काय सांगू? हंस शहाणे निघाले म्हणून?"

मला हसू आलं नाही. आत्तासुद्धा येत नाही.

६ मार्च

साहेबांना सांगावं लागलं. त्यांनी चहा मागवला, अर्धा प्यायले, मग म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही सरकारी खर्चाने पाखरं उलटी उडवलीत." बंबवाला बाहेर उभाच होता. दुपारपर्यंत विमानतळभर झालं. सामान चढवणारी पोरं मला बघून उलट पावली चालून दाखवतात.

पाखरूबाई म्हणाली, "एक चिठ्ठी लावून टाका वहीला. मी उलटं वाचीन, त्यात काय!" पण तसं नाही चालत. चूक कळल्यावर ती तशी ठेवायची नाही, हाही नियमच. खाडाखोड करायची नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा शब्द वाचता आला पाहिजे. वर लाल शाईने बरोबर शब्द. बाजूला सही, तारीख. आजपासून लागलो. पहिली वही झाली.

आठला फोन. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. म्हणाली, "तुझंच काम हे." मग मोटार बदलून मिळाल्याचं सांगितलं.

९ मार्च

सहा वह्या झाल्या. आपलंच अक्षर वाचताना गंमत वाटते. मधली दोन वर्षं ते फार लहान झालंय. का ते आठवत नाही.

११ मार्च

आज चौदावी वही. पाच वर्षांपूर्वीचा आजचाच दिवस. ०९००. वारा नैर्ऋत्य, मंद. ढग आठापैकी दोन भाग. दृश्यता दहा किलोमीटर. रानहंस, ४०, दक्षिण.

ती गेली तो दिवस. तिची बस नऊ दहाला सुटायची होती. थांबा फाटकाच्या बाहेरच. मी तिला म्हटलं होतं, नऊची नोंद घेतो आणि आलोच धावत. नोंद घेतली, वही मिटली, आणि तेवढ्यात हे चाळीस आले. मोजले. वही उघडली. लिहिलं. धावत गेलो तेव्हा बसचा धूर होता फक्त.

मला आजवर वाटायचं, वेळेचं जमलं नाही. आज ती ओळ समोर धरून बसलो. चाळीसच्या चाळीस नीट मोजलेत. 'साधारण चाळीस' असं नाही. ४०. बंबवाला तेव्हा गच्चीवरच होता. त्याला म्हटलं असतं, बाबा, तेवढे मोज — तर मोजले असते त्याने. मला सुचलं नाही, की म्हणायचं नव्हतं?

'दक्षिण'वर रेघ मारली. वर लिहिलं — उत्तर. सही केली. पुढची ओळ घ्यायला बराच वेळ लागला.

१२ मार्च

चहा करताना शेगडीच्या दुसऱ्या बर्नरचं बटण फिरवून बघितलं. जाम झालंय.

१५ मार्च

पंचावन्न, आणि त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर एकटा एक. गळा काढून ओरडत होता. पुढचे थांबले नाहीत.

बाईला विचारलं, हंस जन्मभर जोडीने राहतात म्हणतात, ते खरं का?

"बहुतेक."

"एक मागे राहिला तर दुसरा थांबतो?"

"थांबतो ना. थोडे दिवस." दुर्बिणीची काच पुसत होती. "मग निघतो. तिकडे अंडी घालायचे दिवस मोजकेच असतात. किती थांबणार तो तरी?"

मी विचारलं, थोडे म्हणजे किती? ती म्हणाली, "एवढं कुणी मोजलेलं नाही हो. तुम्ही मोजा."

१७ मार्च

ताईचा फोन. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण आवाजाने वीस. "परिपत्रक लागलं ना तुमच्याकडे? मला लपवून काय उपयोग! लग्नात हार तिच्या गळ्यात घातलास आणि संसार त्या तापमापकाशी केलास."

मी म्हटलं, ताई, नीट विचार करतोय.

"पाच वर्षं? अंड्यातून पिल्लं निघून त्यांना नातवंडं झाली असती!"

फोन ठेवताना मात्र आवाज उतरला. म्हणाली, "ती हल्ली माझ्याशी बोलताना तुझा विषय काढत नाही रे."

१८ मार्च

आठची वाट बघत होतो. आठलाच का करतो फोन? ती गेली त्या दिवशी बस आठला पोचली, 'पोचले' म्हणून तिने केला. तीच वेळ राहिली.

आज बोलताना लक्ष दिलं. तिने मला विचारलं — जेवलास का? गुडघा कसा आहे? मी तिला विचारलं — तिकडे ढग आहेत का? ढग आहेत हे मला पाचच्या अहवालातच कळलं होतं. तरी विचारलं. "आहेत," म्हणाली. "तुला माहीतच असेल."

पूर्वी दर मार्चला ती विचारायची, "अर्ज?" एका शब्दात. मी म्हणायचो, बघतो. कधीपासून विचारायची थांबली? हवेचा दाब कोणत्या तासाला उतरायला लागला, ते मी वीस वर्षांमागचंही काढून दाखवीन. हे सांगता येत नाही.

२० मार्च

सगळ्या वह्या झाल्या. एकोणीस. लाल शाईच्या तीन बाटल्या संपल्या.

आता कुठलीही वही उघडली की हंस तिकडे जातात. सगळे. दर वर्षी. मीच लिहिलंय.

तिच्या खिडकीतून काय दिसतं, मला माहीत नाही. दोनदा गेलोय तिथे, दोन्ही वेळा दोन दिवस. शाळेत फोन आला की दिवा लागतो, एवढं आठवतं. मुलं हातांनी इतक्या भरभर बोलतात की मी एका कोपऱ्यात पिशवी धरून उभा होतो, तेही आठवतं. एका मुलीने माझ्याकडे बोट करून तिला हातांनी काहीतरी विचारलं. ती हसून हातांनीच काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

२१ मार्च

अर्ज आणला. बंबवाल्याला म्हटलं, बस जरा. त्याने खुर्ची ओढली आणि टोपी काढली, जणू मयताला आलाय.

नाव, वय, सेवाकाळ, सगळं भराभर झालं. 'विनंतीचे कारण' पाशी अडलो.

"लिही ना — पत्नी."

"पत्नी हे कारण होतं का?"

"मग काय, अडचण लिहिणार आहेस? हे बघ, मी बावीस वर्षं तुझ्याबरोबर चहा प्यायलो. तू गेलास की मला या फुटक्या साहेबाबरोबर प्यावा लागणार. तरी सांगतोय ना मी!"

लिहिलं — पत्नी तेथे आहे. तीन शब्द. बंबवाल्याने वाचलं, मान हलवली. "एवढ्याला पाच वर्षं लावलीस होय रे?"

२३ मार्च

अर्ज दिला. साहेबांनी लगेच शिफारस केली. जरा जास्तच लगेच. म्हणाले, तिकडची जागा रिकामीच आहे, होऊन जाईल. मागे घ्यायचा झाला तर एकतीसच्या आत सांगा.

तिला आज सांगायचं नाही. नीट शब्द जुळवून सांगीन.

२४ मार्च

शब्द जुळवतोय. घरात फेऱ्या मारत मोठ्याने म्हणून बघितलं. बातमीपत्रासारखं वाटतं.

तिच्या कपाटात माझे कपडे कुठे मावतील, हा विचार आला आणि इतकं बरं वाटलं! तिच्या उशीची बाजू कोणती, हे क्षणभर आठवेना. मग आठवलं — भिंतीकडची. पाच वर्षं मीच भिंतीकडे झोपतोय.

२६ मार्च

सांगितलं. जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "अर्ज दिला. मी येतोय."

वाटलं, फोन कटला. "ऐकतेयस ना?"

"हो."

"जागा रिकामी आहे. होईल म्हणतात."

"आता?" म्हणाली. एवढंच. मग, "मला जरा विचार करू दे. दोन-तीन दिवस फोन करू नकोस. मीच करीन."

मी म्हटलं, बरं.

२७ मार्च

आठ वाजले. नाही.

२८ मार्च

पाखरूबाई गेली. सकाळच्या विमानाने. तिच्या नकाशावरचे बाण आता सरळ झालेत, त्यातला एक जाड बाण बरोबर आपल्या गच्चीवरून जातो म्हणे. मला नकाशाची एक प्रत दिली. कोपऱ्यात उत्तरेकडचं गाव आहे. बाणापासून बोटभर बाजूला.

विचारलं, तिथून दिसतात का हंस?

"दिसत असतील लांबून. कुणी वर बघितलं तर."

जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या नोंदींसारख्या नोंदी मी कुठे बघितल्या नाहीत. एकही दिवस गळलेला नाही!" चार आठवड्यांपूर्वी हे ऐकून मी कौतुकाने फुललो असतो.

विमान उडालं. ०७२०, वारा वायव्य. तिच्या मागोमाग दोनच हंस गेले, उंचावरून, आवाज न करता. ते टाकीमागे दिसेनासे झाल्यावरही मी तिकडेच बघत उभा होतो. आता तळ्यावर पोचतील. चार दिवस थांबतील. मग डोंगर. कुठे जातात ते आता माहीत आहे. माहीत झालं तरी जीव तिकडेच ओढ घेतो. तो का थांबत नाही, कळत नाही.

आठ वाजले. नाही.

२९ मार्च

आठ. साडेआठ. नाही.

३० मार्च

सातलाच वाजला. "नको येऊस," ती म्हणाली. "अर्ज मागे घे."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती काही ठरवून म्हणाली की मी 'बरं' म्हणतो. आजही तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "का?"

ती बोलायला लागली. पहिली दोन वर्षं बसथांब्यावर जाऊन उभी राहायची, म्हणाली. मग एक दिवस गेली नाही, आणि त्या दिवशी तिला फार हलकं वाटलं. आता एकटीने राहायची सवय झालीय आणि ती सवय तिला आवडते. मी आलो तर तिथेही गच्ची शोधीन, आणि ती पुन्हा खाली उभी असेल. मध्ये रडली. मध्ये एकदा हसलीही, ताईचं काहीतरी सांगताना. खोडण्यासारखं काही चुकीचं बोललीच नाही ती.

मग दमली. "हे पाच वर्षांपूर्वी विचारायचं होतंस."

मी म्हटलं, हो. उद्या मागे घेतो अर्ज.

तिचा श्वास ऐकू येत होता. ठेवायचं म्हणून मी फोन कानापासून काढला, तेवढ्यात तिचा आवाज आला —

"फोन ठेवू नकोस."